४२९४९६७२९७: दोनच्या कसोटीला उतरते, तरी मूळ नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: ४२९४९६७२९७ ला लहान मूळ संख्यांनी भाग जात नाही. पायथनमध्ये २ चा (संख्या वजा १) इतका घात काढून त्याला या संख्येने भागलं, तर बाकी १ उरते, जशी मूळ संख्येला उरायलाच हवी, म्हणजे फर्माच्या कसोटीला ती उतरते. तरीही सगळीकडे ती संयुक्त असल्याचं लिहिलेलं आहे. मग चूक कुठे झाली? आणि संगणक नव्हता तेव्हा हिचे अवयव सापडले कसे?

तुमच्या प्रोग्रॅममध्ये काहीही चूक नाही. बाकी १ च येते. पण या संख्येसाठी २ हा पाया घेणं म्हणजे आरोपीच्याच घरच्या माणसाला साक्षीला बोलावणं. असं का, ते सांगतो. त्यातूनच अवयव शोधायची वाटही निघते.

आधी संख्येची ओळख. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. हा आकडा आठवणीत राहत नाही, पण त्याची घडण राहते: २^३२ + १, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक एक. ही घडण एकदा समोर ठेवली की लहान भाजक तोंडी तपासता येतात. २ चे घात चारच्या टप्प्याने ६ वर संपतात, म्हणून ही संख्या ७ वर संपते. २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७ साठी लांब भागाकाराची गरजच नाही: २^३ ला ७ ने भागलं की बाकी १, म्हणून २^३० ची बाकीही १, २^३२ ची ४, आणि एक मिळवला की ५. भाग जात नाही. पुढे सगळं असंच करायचं आहे. मोठा आकडा कुठेही लिहायचा नाही, फक्त घात आणि बाक्या सांभाळायच्या.

ही संख्या एका मालिकेतली आहे: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि मग ही. प्रत्येक वेळी आधीच्या संख्येतून एक वजा करायचा, वर्ग करायचा आणि एक मिळवायचा. पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. फ्रेंच गणिती प्येर द फर्मा याने १६४० मध्ये फ्रेनिकल या दुसऱ्या गणित्याला लिहिलेल्या पत्रात ही मालिका मांडली आणि पुढच्याही सगळ्या मूळ असाव्यात असा आपला विश्वास कळवला. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने स्पष्ट लिहिलं होतं. पुढे १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ऑयलरला पत्राच्या ताज्या कलमात विचारलं की फर्माचं हे निरीक्षण तुला माहीत आहे का. ऑयलर तेव्हा ऐन विशीत, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत होता. १७३२ मध्ये त्याने उत्तर दिलं: सहावी संख्या मूळ नाही, तिला ६४१ ने भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

फर्माचं पत्र आणि हे उत्तर यांत ९२ वर्षं गेली. आणि ६४१ ही काही मोठी संख्या नाही, मूळ संख्यांच्या यादीत ती ११६ वी आहे. ३ पासून सुरुवात करून एकेका मूळ संख्येने भाग देत बसणारा चिकाटीचा माणूसही काही दिवसांत तिथे पोचला असता. मात्र ऑयलर त्या वाटेने गेला नाही. १७३२ च्या टिपणात त्याने नुसता ६४१ सांगितला. रीत नंतरच्या एका लेखात आली. माझ्या दृष्टीने उत्तरापेक्षा ती रीत मोलाची आहे.

आता तुमच्या कसोटीकडे येतो. समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. म्हणजे २^३२ + १ ला प ने भाग जातो, म्हणजेच २^३२ ची प ने भागल्यावरची बाकी −१ आहे (म्हणजे प − १, भाग पूर्ण जायला एक कमी). दोन्ही बाजूंचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. ही ६४ इथली कळीची संख्या. २ चे घात करत गेलं की पहिल्यांदा बाकी १ येते ती बरोबर ६४ व्या घाताला. त्याआधी आली असती, तर तो घातांक ६४ चा विभाजक असता, म्हणजे ३२ चाही असता, आणि मग २^३२ ची बाकी −१ ऐवजी १ आली असती.

आता फर्माचं छोटं प्रमेय असं सांगतं की २^(प − १) ची बाकी १ असते. बाक्यांचं चक्र ६४ पावलांचं असल्यामुळे प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. म्हणजे या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४क + १ याच रूपाचा. एका झटक्यात जवळजवळ सगळ्या मूळ संख्या बाद होतात!

हीच ६४ तुमच्या प्रोग्रॅमलाही चकवते. तुम्ही जो घातांक घेतलात, म्हणजे संख्या वजा १, तो २^३२. त्याला ६४ ने भाग जातोच, कारण ६४ म्हणजे २^६. मग बाकी १ येणारच. संख्या मूळ आहे की नाही याच्याशी त्या उत्तराचा काहीही संबंध नाही. मालिकेतली कुठलीही संख्या घ्या, २ च्या कसोटीला ती उतरेल. ४, ८, १६ हे पाये घेऊनही फरक पडत नाही, कारण तेही २ चेच घात. इतकंच काय, मिलर–राबिनची जास्त कडक कसोटी २ हा पाया घेऊन लावली तरी ही संख्या निसटते. त्या कसोटीत वर्ग करत जाताना बाकी −१ दिसली की संख्या उतरली असं धरतात; इथे पाचव्या पावलाला −१ हजर होतो आणि कसोटी समाधान पावते.

जाता जाता एक सूचना, कारण कोणीतरी हा प्रोग्रॅम सी मध्ये लिहिणारच. ३२ बिटांच्या चलात ही संख्या मावत नाही. तिथे ती १ होऊन बसते. ६४ बिटांचा चिन्हविरहित चल घेतला तर संख्या मावते, पण तिचा −१ म्हणजे ४२९४९६७२९६ आणि त्याचा वर्ग बरोबर २^६४. एकाने मर्यादा ओलांडली जाते आणि हातात ० येतो. २ च्या कसोटीत नेमकी हीच बाकी समोर येते, त्यामुळे प्रोग्रॅम ० दाखवतो आणि आपण 'संयुक्त' म्हणून मोकळे होतो. निष्कर्ष बरोबर, कारण साफ चुकीचं. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही, म्हणून तुम्हाला खरी बाकी दिसली.

पुन्हा अवयवांकडे. ६४क + १ या रूपाच्या संख्या ओळीने लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नाला अवयव हातात. १८७८ मध्ये ल्युका या फ्रेंच गणित्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. प ला ८ ने भागून बाकी १ उरते, तेव्हा २ हा स्वतःच एखाद्या वर्गाची बाकी असतो. त्यामुळे चक्राची लांबी दुप्पट धरता येते आणि प हा १२८क + १ या रूपाचा असावा लागतो. मग यादीत उरतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या मूळ फक्त दोन. त्यातला २५७ याच मालिकेतला आहे आणि मालिकेतल्या कुठल्याही दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो (त्याचं कारण पुढे येतंच आहे), म्हणून तोही बाद. पहिला खरा प्रयत्न थेट ६४१!

६४१ ने भाग जातो हे तपासायला दहा अंकी भागाकार करू नका. वर्ग करत जा. २^८ म्हणजे २५६. त्याचा वर्ग ६५५३६; त्यातून ६४१ × १०२ = ६५३८२ वजा केले की उरतात १५४. ही २^१६ ची बाकी. १५४ चा वर्ग २३७१६; त्यातून ६४१ × ३६ = २३०७६ गेले की उरतात ६४०. म्हणजे २^३२ ची बाकी ६४०. एक मिळवा, ६४१. झालं. दोन वर्ग, दोन वजाबाक्या. आठवीतला मुलगा हे वहीच्या अर्ध्या पानात करतो, आणि शेवटी ६४० उतरले की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. वर्गात मी संगणक उघडण्याआधी हे हाताने करून घेतोच.

याहून नेटकी सिद्धताही आहे, तिच्यात भागाकारच नाही. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो: ५ × २^७ + १ आणि ५^४ + २^४. म्हणजे ६४० + १ आणि ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात करा: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ आणि −२^४ यांची बाकी एकच. ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

उरला ६७००४१७. तो मूळ आहे का? इथे रूपाचा नियम पुन्हा कामी येतो. याचे मूळ अवयव हे आपल्या संख्येचेही मूळ अवयव, म्हणून तेही १२८क + १ रूपाचेच. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत या रूपाच्या मूळ संख्या किती? २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. फक्त पाच. भागून पाहा, बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ आहे. सत्तर लाखांच्या आसपासची संख्या मूळ असल्याचं पाच भागाकारांत सिद्ध होणं ही मोठी मिळकत आहे. घडण माहीत नसती तर २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं.

याच भागाकाराचा एक प्रसंग नोंदलेला आहे. झेरा कोलबर्न हा अमेरिकेतल्या व्हर्माँटचा, १८०४ मध्ये जन्मलेला मुलगा. तोंडी हिशेबासाठी त्याची ख्याती होती आणि वडील त्याला लंडनला घेऊन गेले होते. तिथे त्याला ही संख्या मूळ आहे का असं विचारण्यात आलं आणि त्याने ६४१ × ६७००४१७ असं उत्तर दिलं. वय आठच्या सुमारास. त्याच्या डोक्यात ते कसं घडलं असेल याचं मला आजही नवल वाटतं.

पण मला या संख्येचा सगळ्यात आवडता गुण वेगळाच आहे, आणि तो आपल्याकडच्या गणिताशी जुळलेला आहे. ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे हे घडणीतच दिसतं: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. चारने भागून १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. ही मात्र दोन प्रकारे लिहिता येते:

६५५३६^२ + १^२ = ६२२६४^२ + २०४४९^२.

पडताळा घ्या: ६२२६४ चा वर्ग ३८७६८०५६९६, २०४४९ चा ४१८१६१६०१, बेरीज ४२९४९६७२९७. दुसरी जोडी सापडली त्या क्षणी संख्या संयुक्त ठरली.

ही दुसरी जोडी येते कुठून? ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीजच होतो. त्या जातीच्या गुणाकाराचा व्यापक नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिला. त्याला भावना म्हणतात. भावना दोन रीतींनी होते, एकदा बेरीज घेऊन आणि एकदा वजाबाकी घेऊन. इथे २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६. यांची बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. उरलेले दोन गुणाकार म्हणजे २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४. यांची वजाबाकी १, बेरीज २०४४९. बघा, १०२२५ आणि १०२२४ यांत बरोबर एकाचा फरक आहे, आणि २^३२ + १ मधला 'अधिक एक' तो हाच. फर्माच्या मालिकेतला हा एक आत दोन गुणाकारांच्या फरकातून तयार होतो, हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हापासून मला ही संख्या जवळची वाटते.

उलट दिशेनेही जाता येतं, आणि ती रीत ऑयलरच्या नावाने ओळखली जाते. दोन जोड्या हातात असल्या तर सम पदांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि विषम पदांची २०४४९ − १ = २०४४८. यांचा मसावि ८. आता बेरजा: १२७८०० आणि २०४५०. यांचा मसावि ५०. दोन्ही मसाविंच्या निमपटी ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. अर्थात दुसरी जोडी आधी शोधायची म्हणजे हजारो वर्ग चाचपावे लागतात, म्हणून अवयव शोधायला ही वाट सोयीची नाही.

तुमच्या मूळ शंकेचा एक भाग अजून राहिला: मग योग्य कसोटी कोणती? पाया ३ घ्या. ३ चा २^३२ वा घात म्हणजे फक्त ३२ वेळा वर्ग करून दर वेळी बाकी घेणं. ४२९४९६७२९७ ने भागल्यावर शेवटची बाकी येते ३०२९०२६१६०. ती १ नाही, म्हणून संख्या मूळ नाही, एवढं पुरे. १८७७ मध्ये पेपँने दाखवलेली कसोटी याहून नेमकी आहे: ३ पासून सुरुवात करून ३१ वेळा वर्ग करा, बाकी −१ आली तर संख्या नक्की मूळ, नाही आली तर नक्की संयुक्त. इथे ती येते १०३२४३०३. मालिकेतल्या ५ पासून पुढच्या प्रत्येक संख्येला, वर्ग करण्याची पावलं त्या त्या प्रमाणात बदलून, ही कसोटी लागू पडते. म्हणजे फर्माच्याच छोट्या प्रमेयाने, जे त्याने त्याच १६४० मध्ये फ्रेनिकलला कळवलं होतं, त्याचा कयास खोडता आला असता. हिशेब लांब आहे, पण हाताने होण्यातला आहे.

मात्र या कसोटीने अवयव मिळत नाहीत. संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे अवयव कळणं ही दोन निराळी कामं आहेत. इथे दोन्ही सोपी पडली कारण ६४१ लहान निघाला. पुढे ती एकमेकांपासून फार लांब जातात.

शेजारच्या संख्येकडेही एक नजर टाका. ४२९४९६७२९७ मधून २ वजा केले की ४२९४९६७२९५ उरतात, आणि हा मालिकेतल्या आधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार आहे: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. कारण साधं आहे. २^३२ − १ = (२^१६ + १)(२^१६ − १), आणि दुसरा कंस पुन्हा तसाच फुटत जातो. यावरूनच वर म्हटलेली गोष्ट कळते: आधीच्या एखाद्या संख्येचा मूळ अवयव हिलाही भागत असेल, तर तो दोघींमधल्या फरकाला, म्हणजे २ ला भागेल, पण सगळ्या संख्या विषम आहेत. मूळ संख्या अनंत आहेत याचीही ही एक सिद्धता झाली, कारण मालिकेतली प्रत्येक संख्या किमान एक नवी मूळ संख्या घेऊन येते. भूमितीतही या शेजारणीला जागा आहे. १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे गाउसने १७९६ मध्ये शोधलं, आणि तो नियम मालिकेतल्या मूळ संख्यांवर उभा आहे. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या बहुभुजांपैकी आज माहीत असलेला सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. आपली संख्या मूळ असती तर ही यादी तिथेच थांबली नसती.

६५५३७ नंतर या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या मिळालेली नाही. २^(२^५) + १ पासून २^(२^३२) + १ पर्यंतच्या सगळ्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालं आहे. ३३ घातांकाचा निकाल अजून लागलेला नाही.

वही उघडीच असेल तर पुढची संख्या घ्या: २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. हिचे मूळ अवयव २५६क + १ या रूपाचे असतात. लहान अवयव आहे २७४१७७, म्हणजे क = १०७१. २^१६ पासून सुरू करा आणि दोनदा वर्ग करून २^६४ ची बाकी काढा. २७४१७६ आली पाहिजे.